विज्ञान-कलेचे व्हिडिओ आणि आमची बडोद्याची रविवार बैठक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत दर रविवारी सकाळी दहाला पंधरा-वीस मोठी माणसे जमतात आणि विज्ञान, तंत्रज्ञान, कला यांवरचे व्हिडिओ एकत्र बघतात. बैठक सुरू झाल्यापासून व्हॉट्सॲपवर, जिन्यात, भाजी घेताना तेच ते प्रश्न येतात. म्हणून ते उत्तरांसकट एका जागी लिहून ठेवले आहेत.

१. व्हिडिओ घरीही बघता येतात. मग एकत्र येऊन तुम्ही नेमके काय करता?

घरी जरूर बघावेत. एकत्र बघण्यात फरक एवढाच, की कुणीतरी मध्येच "थांबवा जरा" म्हणते. दहा मिनिटांचा व्हिडिओ आम्हाला तासभर पुरतो, कारण महत्त्वाचे काही घडण्याच्या आधी आम्ही तो थांबवतो आणि प्रत्येकाला विचारतो, आता काय होईल? असे का करतो ते प्रश्न ४ मध्ये सविस्तर लिहिले आहे.

येणाऱ्यांत निवृत्त बँकवाले आहेत, शिवणकाम करणाऱ्या मावशी आहेत, आयुष्य फिटर म्हणून काढलेले काका आहेत, दोन शिक्षिका आहेत. मी स्वतः तीस वर्षे एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम केले. वर्गणी नाही, हजेरी नाही. गुजराती शेजारीही येतात, त्यामुळे बोलणे अर्धे मराठी, अर्धे गुजराती चालते.

२. मी कॉमर्सची. दहावीनंतर विज्ञानाशी संबंध आला नाही. सुरुवात कुठून करू?

ज्यात बोलणे कमी आणि घडणे जास्त आहे, अशा व्हिडिओंपासून. मी नवीन माणसाला नेहमी चंद्रावरचा हातोडा दाखवते. २ ऑगस्ट १९७१ रोजी अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर उभे राहून एका हातात हातोडा आणि दुसऱ्या हातात ससाण्याचे पीस धरले आणि दोन्ही एकदम सोडले. हातोडा १.३२ किलोचा, पीस ३० ग्रॅमचे. दोन्ही बरोबरच जमिनीला टेकले. हवा नसेल तर जड-हलके सारखेच पडते, हे गॅलिलिओचे म्हणणे शाळेत सगळ्यांनी पाठ केलेले असते. पण ते पीस दगडासारखे खाली जाताना पाहिले की पोटात काहीतरी हलते. चित्रफीत जुनी आणि धूसर आहे, तरीही हीच बघा.

दुसरी शिफारस इम्स या अमेरिकी डिझाइनर दांपत्याच्या 'पॉवर्स ऑफ टेन' या १९७७ च्या नऊ मिनिटांच्या लघुपटाची. शिकागोच्या तळ्याकाठी सहलीला आलेले जोडपे एक मीटरच्या चौकटीत दिसते. मग कॅमेरा वर वर जातो आणि दर दहा सेकंदांनी चौकट दहापट मोठी होते. पाचव्या पायरीला ती १०० किलोमीटर रुंद असते, म्हणजे जवळजवळ आपल्या बडोद्यापासून अहमदाबादपर्यंत. इथपर्यंत यायला फक्त ५० सेकंद लागतात! नंतर आकाशगंगा मागे पडतात आणि शेवटी कॅमेरा उलटा फिरून माणसाच्या हातात, पेशीत, अणूच्या केंद्रकात शिरतो. या चार्ल्स आणि रे इम्स यांचे आपल्याकडे आणखी एक नाते आहे. भारत सरकारच्या बोलावण्यावरून त्यांनी १९५८ मध्ये जो अहवाल लिहिला, त्यातूनच पुढे अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी आपल्या साध्या लोट्याचे मन भरून कौतुक केले आहे.

रसायनशास्त्राची भीती असेल तर नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या मंडळींनी २००८ पासून एकेका मूलद्रव्यावर केलेले छोटे व्हिडिओ बघा. पांढऱ्या पिंजारलेल्या केसांचे प्राध्यापक पोलियाकॉफ आवर्तसारणी अशी सांगतात, जशी आपण घरातल्या माणसांची ओळख करून देतो.

३. इंग्रजी भराभर बोलले की समजत नाही. मराठीत काही आहे का?

आहे. पहिले नाव अरविंद गुप्ता यांचे. आयआयटी कानपूरमधून शिकलेल्या या माणसाने टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करण्यात आयुष्य घातले. पुण्याच्या आयुका संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी खेळण्यांच्या असंख्य छोट्या चित्रफिती केल्या. त्या मराठीतही आहेत. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मुलांसाठी केलेल्या आहेत म्हणून टाळू नका. आमच्या फिटर काकांनी त्यातली काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबची जोडणी बघून दोन संध्याकाळी त्रिकोण-चौकोन करण्यात घालवल्या, आणि छपराच्या कैचीत त्रिकोण का वापरतात ते आम्हाला समजावून सांगितले.

टेड या संस्थेच्या बऱ्याच व्याख्यानांना स्वयंसेवकांनी केलेली मराठी उपशीर्षके आहेत. यूट्यूबवर सेटिंगच्या चाकात जाऊन उपशीर्षके आपोआप भाषांतरित करून घेता येतात आणि त्या यादीत मराठी असते. पण हे भाषांतर यंत्राचे असते. गोष्टीचा धागा कळायला ते पुरते, आकडे आणि पारिभाषिक शब्द मात्र मूळ इंग्रजी ओळीशी ताडून बघावेत. वेग ०.७५ वर ठेवला तर पुष्कळांची अडचण तिथेच संपते.

आणि भाषाच नको असेल तर जॉन प्लँट या ऑस्ट्रेलियन माणसाचे 'प्रिमिटिव्ह टेक्नॉलॉजी' बघा. हा एक शब्द बोलत नाही. जंगलात नुसत्या हातांनी माती मळतो, भट्टी बांधतो, कौले भाजतो, झोपडी उभारतो. उपशीर्षके चालू केली तर प्रत्येक कृतीची माहिती लेखी मिळते, हे मात्र बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

४. व्हिडिओ बघताना सगळे कळते. दुसऱ्या दिवशी सुनेला सांगायला गेले तर काहीच आठवत नाही. माझे वय झाले का?

नाही हो मावशी. हे विशीतल्या मुलांचेही होते आणि त्यावर नीट अभ्यास झालेला आहे. 'व्हेरिटासियम' हे प्रसिद्ध चॅनेल चालवणारे डेरेक मुलर यांनी २००८ मध्ये सिडनी विद्यापीठात पीएचडी केली ती याच विषयावर: व्हिडिओतून भौतिकशास्त्र खरोखर शिकता येते का? त्यांनी विद्यार्थ्यांची आधी चाचणी घेतली, मग स्वच्छ, नेटके समजावून सांगणारे व्हिडिओ दाखवले आणि पुन्हा चाचणी घेतली. मुले म्हणाली, छान समजले. गुण मात्र जवळजवळ जागचे हलले नाहीत. उलट त्यांचा आत्मविश्वास वाढला होता. चुकीचीच उत्तरे ती आता जास्त खात्रीने देत होती.

दुसऱ्या प्रकारच्या व्हिडिओत त्यांनी लोकांच्या मनात आधीपासून असलेली चुकीची समजूत आधी मांडली आणि मग ती खोडली. ते बघताना मुलांना गोंधळल्यासारखे झाले, डोक्याला त्रास झाला, पण गुण खरोखर वाढले. कारण उघड आहे. ओळखीचे शब्द कानावर पडले की मन म्हणते, "हे तर मला माहीत आहे", आणि लक्ष देणे थांबवते.

आमची सगळी पद्धत यातूनच आली. एक उदाहरण करून बघा. चेंडू सरळ वर फेकला. हातातून सुटल्यावर तो वर जात असताना त्याच्यावर कोणकोणती बले काम करतात? आमच्याकडे जवळजवळ सगळ्यांनी "हाताचे बल वर आणि गुरुत्वाकर्षण खाली" असे सांगितले. हवेचा किरकोळ विरोध सोडला तर उत्तर एकच आहे: गुरुत्वाकर्षण, खाली. हात सुटला तिथेच त्याचे बल संपले. चेंडू वर जातो तो आधी मिळालेल्या वेगामुळे, आणि तो वेग क्षणाक्षणाला कमी होत असतो. मी स्वतः विज्ञानाची पदवीधर, तरी पहिल्या वेळी माझेही उत्तर चुकले होते.

तेव्हा मावशी, एक वही घ्या. व्हिडिओ थांबवा, अंदाज लिहा, मग पुढे चालू करा. चुकलेला अंदाज दुसऱ्या दिवशीही आठवतो.

५. स्वयंपाकघरात किंवा गच्चीवर करून बघण्यासारखे काय आहे?

पुष्कळ आहे. माझ्या आवडीच्या दोनच गोष्टी सांगते.

पहिली मेणबत्तीची. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ पासून नाताळात मुलांसाठी व्याख्याने होतात. अलीकडची व्याख्याने इंटरनेटवर फुकट बघता येतात. मायकेल फॅरडे यांनी तिथे १८६०-६१ च्या हिवाळ्यात केवळ एका मेणबत्तीवर सहा व्याख्याने दिली. त्यातला एक प्रयोग असा. मेणबत्ती विझवा, वातीवरून धुराची बारीक रेघ वर चढेल. पेटती काडी वातीपासून दोन बोटे वर, त्या धुरात धरा. ज्योत उडी मारून खाली वातीवर येते. तो "धूर" म्हणजे मेणाची वाफच असते, आणि मेणबत्तीत खरी जळते ती हीच वाफ. वारा अजिबात नको, तेव्हा पंखा बंद करूनच करा.

दुसरी गोष्ट देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांची. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या क्रमाने, आणि मोठ्यातून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. ३५२४ घेतली तर ५४३२ मधून २३४५ गेले, राहिले ३०८७. मग ८७३० मधून ०३७८ गेले, राहिले ८३५२. मग ८५३२ मधून २३५८ गेले, राहिले ६१७४. इथून पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येत राहते, आणि कुठल्याही संख्येला इथे पोहोचायला सातपेक्षा जास्त पायऱ्या लागत नाहीत. जगभरच्या गणिताच्या व्हिडिओंत परदेशी प्राध्यापक "कापरेकर" हे नाव फळ्यावर लिहितात तेव्हा आमच्या खोलीत टाळ्या पडतात.

६. पुण्याच्या एका व्हिडिओत मे महिन्यात शून्य सावली दाखवली. आम्ही त्याच दिवशी गच्चीवर काठी उभी केली, सावली होती! व्हिडिओ खोटा का?

व्हिडिओ खरा आहे, गाव वेगळे आहे. आपल्या देशात कर्कवृत्ताच्या दक्षिणेकडच्या प्रत्येक गावी सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, पण कोणत्या दिवशी ते त्या गावाच्या अक्षांशावर ठरते. पुणे साडेअठरा अंशांवर आहे, तिथे तो मेच्या मध्याच्या आसपास येतो. बडोदे २२.३ अंशांवर, म्हणून आपल्याकडे तो जूनच्या पहिल्या आठवड्यात आणि परतताना जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात येतो. जुलैत बहुतेक ढग असतात, तेव्हा जूनचीच वेळ साधा.

आणि घड्याळात बारा वाजता बघू नका. आपली प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची आहे आणि आपण तिच्या बरेच पश्चिमेला आहोत. जूनच्या सुरुवातीला बडोद्यात सूर्य माथ्यावर येतो तो १२ वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास. स्टीलचा पेला उपडा ठेवा, सव्वाबारापासून बघत राहा.

७. विज्ञान ठीक आहे, पण मला गाणे आणि कला आवडते. माझ्यासाठी काय?

मग तुमच्यासाठी सगळ्यात जास्त आहे. तबल्याचेच बघा. नुसते ताणलेले गोल कातडे वाजवले तर त्यातून निघणारे वरचे स्वर मूळ स्वराच्या १.५९ पट, २.१४ पट असे आडनिडे असतात, त्यामुळे ढोलाचा धबधब आवाज येतो, सूर लागत नाही. तबल्याच्या मधोमध शाई असते. तिच्या वजनामुळे हे वरचे स्वर सरकून मूळ स्वराच्या जवळजवळ पूर्ण पटीत येतात, म्हणून तबला सुरात लावता येतो. हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये दाखवून दिले. कातड्यावर बारीक वाळू पसरून कंपने दाखवणारे व्हिडिओ मिळतात. प्रत्येक स्वराला वाळू वेगळी नक्षी धरते, आणि बोटाने कुठे दाबल्यावर कोणता बोल उमटतो हे डोळ्यांना दिसते.

ज्या शहरात १८८६ साली गवई मौलाबक्षांनी गायनशाळा काढली, त्या शहरातल्या माणसांना हे आवडणारच. सूरसागर तलावाजवळ तबला शिकलेले आमचे एक सभासद तो व्हिडिओ बघून घरून डग्गा घेऊन आले, आणि त्या रविवारी दुपारचे दीड वाजले तरी कुणी उठले नाही.

शिल्पकलेत रस असेल तर थिओ यान्सेन या डच कलावंताचे समुद्रकिनाऱ्यावर चालणारे सांगाडे बघा. प्लास्टिकच्या नळ्यांचे हे प्राणी नुसत्या वाऱ्यावर चालतात. पाऊल जमिनीवर सपाट सरकावे म्हणून नळ्यांच्या लांबीचे अकरा आकडे त्यांनी संगणकाला हजारो पाय "जुळवायला" लावून शोधले.

८. हे सगळे अमेरिका-युरोपातून आलेले दिसते. आपल्याकडे अशी परंपरा होती का?

होती, आणि आपल्या शहरात होती. हे उत्तर लांब आहे, पण मला ते सांगायची तळमळ आहे.

१८९० साली सयाजीराव महाराजांनी त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाती कलाभवन सोपवले. रंगकाम, विणकाम, यंत्रकाम हे लोकांना त्यांच्या भाषेत शिकवायचे, अशी ती शाळा होती. तिथे धुंडिराज गोविंद फाळके नावाचा तरुण चित्रकला आणि छायाचित्रण शिकला. आज आपण त्यांना दादासाहेब म्हणतो. पहिला मोठा चित्रपट करण्याआधी, १९१२ मध्ये, त्यांनी पैसे घालणाऱ्यांना पटवण्यासाठी एक छोटी फीत केली: कुंडीतल्या वाटाण्याला अंकुर फुटतो, रोप वाढते, वेल होते. महिनाभराची वाढ साधारण मिनिटभरात. आपण ज्याला टाइमलॅप्स म्हणतो तोच हा प्रकार. रोज एकच चित्र घेतले असे सांगितले जाते. पण हिशेब करा. तेव्हा सेकंदाला सोळाएक चित्रे लागत, तीस चित्रांची फीत दोन सेकंदांत संपेल. मिनिटभरासाठी साडेनऊशेच्या वर चित्रे हवीत, म्हणजे रोज तीस-बत्तीस. महिनाभर दिवसातून इतक्या वेळा कॅमेऱ्यापाशी जाणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. एका चित्राच्या गोष्टीपेक्षा हा हिशेब मला जास्त थोर वाटतो.

त्याच काळात, १९१० मध्ये, महाराजांनी अमेरिकेतून ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना बोलावून ग्रंथालय खाते उभे केले. पेट्यांत पुस्तके घालून ती गावोगाव पाठवली जात. त्या खात्याची दृश्यशिक्षणाची वेगळी शाखा होती. ज्यांना वाचता येत नव्हते अशांना ती जादूचे दिवे (काचेवरची चित्रे पडद्यावर पाडणारे) आणि चलच्चित्रे दाखवत असे, तीही फुकट. शंभर वर्षांपूर्वी, आपल्याच तालुक्यांत.

आणि १९७५ मध्ये शेजारच्या खेड्यात, म्हणजे खेडा जिल्ह्यात, पीज गावी इस्रोने दूरदर्शनचे छोटे प्रक्षेपण केंद्र उभारले. गावच्या लोकांसाठी, त्यांच्या बोलीत, त्यांच्या प्रश्नांवरचे कार्यक्रम चौकातल्या सामायिक संचावर दिसत. त्या प्रकल्पाला पुढे युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. चौकात बसून एकत्र बघणे आणि नंतर वाद घालणे: आमची रविवारची खोली त्याच ओळीतली आहे असे मी मानते.

९. टाइमलॅप्स आणि स्लो मोशन म्हणजे कॅमेऱ्याची चलाखी ना?

नाही. दोन्हीत प्रत्येक चित्र खरे असते, बदलतो तो फक्त काळाचा वेग. फोनचा कॅमेरा सेकंदाला २४० चित्रे घेतो आणि ३० च्या वेगाने दाखवतो तेव्हा घटना आठपट सावकाश दिसते. दुधाच्या थेंबाचा मुकुट कसा उडतो ते अशाने दिसते. टाइमलॅप्समध्ये याच्या उलट होते.

संथपणाची हद्द बघायची असेल तर डांबराच्या थेंबाचा प्रयोग बघा. हातोडीने फुटणारे घट्ट डांबर खरे तर अतिशय दाट द्रव आहे, हे दाखवायला ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात तो १९२७ मध्ये सुरू झाला. २०१४ पर्यंत नऊ थेंब पडले होते. प्रयोग सांभाळणारे प्राध्यापक मेनस्टोन यांनी दशकानुदशके वाट पाहिली. २००० मध्ये थेंब पडला तेव्हा कॅमेरा बंद पडला होता, आणि २०१३ मध्ये ते गेले तोवर एकही थेंब पडताना त्यांना दिसला नव्हता. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात असाच एक थेंब २०१३ मध्ये प्रथमच कॅमेऱ्यात सापडला. ती फीत काही सेकंदांची आहे. आमच्याकडे ती लागोपाठ चार वेळा लावावी लागली.

१०. अवकाशाच्या व्हिडिओंतले रंग खरे असतात का? आणि पोकळीत आवाज जात नाही, मग "कृष्णविवराचा आवाज" कसला?

दोन्ही शंका रास्त आहेत. जेम्स वेब ही अवकाशातली दुर्बीण मुख्यतः अवरक्त प्रकाश टिपते, तो आपल्या डोळ्यांना दिसतच नाही. म्हणून शास्त्रज्ञ त्याचे दृश्य रंगांत रूपांतर करतात: जास्त तरंगलांबीला तांबडा, कमी तरंगलांबीला निळा. आकार आणि रचना खऱ्या असतात, रंग नकाशातल्या रंगांसारखे ठरवून दिलेले असतात.

आवाजाची गोष्ट अधिक सुंदर आहे. ययाती तारकासमूहाच्या दिशेला आकाशगंगांचा एक मोठा गुच्छ आहे. तिथे पूर्ण पोकळी नाही, तप्त वायू भरलेला आहे. मधल्या कृष्णविवरामुळे त्या वायूत दाबाच्या लाटा उठतात. नासाच्या चंद्रा या अवकाश दुर्बिणीला २००३ मध्ये त्या दिसल्या, म्हणजे तो आवाजच, पण आपल्याला ऐकू येण्यापलीकडचा खर्ज. २०२२ मध्ये नासाने तो ५७ आणि ५८ सप्तके वर चढवून ऐकवला. ५७ सप्तके म्हणजे कंपनसंख्या १४४ च्या पुढे १५ शून्ये इतकी पट! तेव्हा "नासाने कृष्णविवराचा आवाज रेकॉर्ड केला" हे चूक, आणि "ते सगळे बनावट" हेही चूक.

११. चुंबकावर फुकट फिरणारा पंखा, पाण्यावर चालणारी मोटारसायकल: हे व्हिडिओ खरे का?

खोटे. वरचेवर येणारा प्रश्न आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. ऊर्जा शून्यातून निर्माण होत नाही. चुंबक ढकलतो तितकाच अडवतोही, पूर्ण फेरीअखेर हाती काही उरत नाही. पाणी म्हणजे हायड्रोजन जळून उरलेली राख आहे. राख पुन्हा जळत नाही, आणि पाणी फोडायला जितकी ऊर्जा घालावी तितकीसुद्धा परत मिळत नाही. व्हिडिओत बैठकीखाली बॅटरी लपवलेली असते किंवा पाटाखालून वायर आलेली असते.

आमच्या ओळखीच्या एका काकांनी असा संच पैसे भरून मागवला. पार्सलमध्ये एक लोहचुंबक आणि एक मोटर आली, पैसे गेले. घाईने पैसे मागणारा विज्ञानाचा व्हिडिओ दिसला की तिथेच थांबा.

१२. अवकाशातून दिसणाऱ्या दिवाळीचा नासाचा फोटो दरवर्षी येतो. तो तरी खरा ना?

तो दिवाळीचा नाही. अमेरिकेच्या हवामान-समुद्र खात्याच्या शास्त्रज्ञाने उपग्रहांच्या अनेक वर्षांच्या माहितीतून तो केला. १९९२ नंतर कुठे नवे दिवे आले हे वेगवेगळ्या रंगांत दाखवणारा तो नकाशा आहे. नासाने २०१२ मध्ये दिवाळीच्या सुमाराचे खरे चित्र दिले, त्यात नेहमीचीच शहरे नेहमीच्याच पांढऱ्या ठिपक्यांनी दिसतात. पणत्यांचा जादा उजेड वरून जाणवण्याइतका नसतो.

१३. नावाजलेले चॅनेलही चुकते का? १+२+३+४… यांची बेरीज उणे एक-द्वादशांश कशी असेल?

चुकते, किंवा अर्धे सांगते. ही बेरीज सांगणारा २०१४ चा व्हिडिओ खूप गाजला. आमच्याकडच्या हिशेबनीस काकांना रात्रभर झोप लागली नाही. साध्या अर्थाने ही बेरीज अनंत आहे, त्यात शंका नको. पण गणितात "बेरीज" या शब्दाचा अर्थ ठरावीक पद्धतीने विस्तारला, झीटा फलन नावाच्या गणिती सूत्राच्या मार्गाने गेले, तर या मालेला −१/१२ ही किंमत जोडता येते आणि ती भौतिकशास्त्रात उपयोगी पडते. रामानुजन यांनी १९१३ मध्ये इंग्रज गणितज्ञ हार्डींना लिहिलेल्या पत्रात हेच लिहिले, पण "माझ्या सिद्धांतानुसार" अशी जोड देऊन. व्हिडिओत ती जोड निसटली आणि गोंधळ झाला. चांगल्या चॅनेलची खूण ही, की ते चूक निघाल्यावर दुसरा व्हिडिओ करून दुरुस्ती सांगतात.

१४. आता यंत्रच व्हिडिओ बनवते. खरा प्रयोग कसा ओळखायचा?

पूर्वी चित्रातल्या माणसाच्या हाताची बोटे मोजून ओळखता येत असे. ते दिवस आता गेले, म्हणून डोळ्यांवर विसंबू नका. विचारा: हा प्रयोग कुणी केला, कुठे केला, त्या माणसाने आधी काय काय केले आहे? तोच प्रयोग दुसऱ्या कुणी करून दाखवला आहे का? घरी करता येण्यासारखा असेल तर करून बघा, याहून मोठी कसोटी नाही. पैशाचा संबंध असेल तर प्रश्न ११ पाहा.

१५. एक मिनिटाचे उभे व्हिडिओ चालतात का?

ओळख करून द्यायला चालतात. पण अंदाज बांधायला त्यात जागा नसते, आणि बोट लागले की पुढचा सुरू होतो. एखादा आवडला तर त्याच विषयाचा दहा मिनिटांचा शोधा. पुढे खोलात जायचे असेल तर आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्थेची एनपीटीईएल या संकेतस्थळावरची पूर्ण व्याख्याने फुकट आहेत.

१६. नेटचा डेटा संपतो. आणि सोसायटीत मोठ्या पडद्यावर दाखवले तर चालेल का?

४८० च्या दर्जावर तासाला साधारण अर्धा-पाऊण जीबी जातो. रेखाटने आणि बोलणे यांना तेवढे पुरते. नासाचे स्वतःचे साहित्य बहुतांशी सर्वांना खुले असते. टेडची व्याख्याने नफा न घेता, न कापता दाखवता येतात. बाकीच्यांच्या व्हिडिओंखाली परवान्याची ओळ वाचा, नसेल तर दोन ओळी लिहून विचारा. आम्ही विचारतो आणि बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात.

१७. नातवंडांना आणू का?

जरूर. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी चंद्रयान-३ उतरताना इस्रोच्या यूट्यूबवर एकाच वेळी ८० लाखांहून अधिक लोक होते, आणि आमच्या खोलीत पायऱ्यांपर्यंत मुले. मात्र रविवारी अंदाज सांगताना आधी मोठ्यांची पाळी असते. मुलांनी आधी बरोबर सांगितले की मोठी माणसे गप्प बसतात.

१८. आपणही असा एखादा व्हिडिओ बनवू शकतो का?

बनवला आहे. गेल्या हिवाळ्यात, वाटाण्याच्या दिवसांत, आम्ही खिडकीत कुंडी ठेवली आणि समोर जुना फोन चार्जरला लावून विटांमध्ये घट्ट बसवला. दर अर्ध्या तासाला एक चित्र, रात्रीसाठी एक छोटा दिवा सतत चालू. पहिल्या खेपेला कुणीतरी झाडताना वीट हलवली आणि नऊ दिवसांचे काम गेले. दुसऱ्या खेपेला वीस दिवस टिकले: दिवसाला ४८ प्रमाणे ९६० चित्रे, फाळक्यांच्या वेगाने बरोबर एक मिनिट.

लावण्याआधी प्रत्येकाने वहीत लिहिले, काय दिसेल. बहुतेकांनी लिहिले, अंकुर सरळ वर जाईल. प्रत्यक्षात शेंडा हवेत गोल गोल फिरत होता, आंधळा माणूस काठी फिरवून वाट चाचपतो तसा, आणि वेलीच्या आधार धरणाऱ्या तंतूला सुतळी लागताच तो तिच्याभोवती वळला. डार्विन यांनी वेलींच्या या फिरण्यावर १८६५ मध्ये मोठा निबंध लिहिला आहे, हे आम्हाला नंतर कळले. शिवणाच्या मावशींनी एकट्यांनी वहीत लिहिले होते: "ती काहीतरी शोधेल."